कादंबरीत नसलेलं लेकरू

मी आयुष्यात एकच कादंबरी लिहिली आणि तिच्यात सगळ्यात मोठी थाप नायिकेबद्दल मारली.

कादंबरी पुढच्या काळातली आहे. पाऊस कायमचा थांबलाय, एक शहर उरलंय, शहराच्या मधोमध दगडी मनोरा आहे आणि जे काही पाणी मिळेल ते त्या मनोऱ्यातल्या देवावर ओतायचा कायदा आहे. ज्यांचा देव गळ्यात असतो, तळहातावर घेऊन पुजायचा असतो, त्यांना तिथं हुडकून हुडकून हाकलतात. नायिका मनोऱ्यावर पहारा करणारी तरुण बाई. आधी ती एका म्हातारीला पकडून देते, मग तिचं मन तिला खातं, आणि एक घागर डोक्यावर घेऊन ती सात दिवस कोरड्या नदीच्या पात्रातून पळते. मागं शिपाई, कुत्री, भुयारं, सगळं आहे. शेवटी म्हातारीच्या ओंजळीत ती पाणी ओतते आणि मोकळी होते.

नांदेडच्या एका छोट्या प्रकाशकानं ती छापली. मी शाळेतून निवृत्त झाले होते, वेळच वेळ होता. शाळेतल्या पोरींना भुयाराचं प्रकरण फार आवडलं. वाचनालयात बोलावणी आली. कुणीतरी हमखास विचारायचं, "बाई, हे तुम्हाला सुचलं कुठून?" आणि मी डोळ्यांवरचा चष्मा सारखा करून म्हणायचे, "सगळं काल्पनिक आहे." माझ्या मुलानंही विचारलं होतं. त्यालाही मी हेच सांगितलं. त्याला तर आधी खरं सांगायला हवं होतं.

माझं माहेर मुखेडकडचं, सासर चाकूरजवळच्या एका खेड्यातलं. लग्न होऊन गेले तेव्हा नुकताच लातूर जिल्हा वेगळा झाला होता. सासऱ्यांचं किराणा दुकान होतं. पाटीवरचं 'जिल्हा उस्मानाबाद' खरवडून त्यांनी तिथं 'जिल्हा लातूर' लिहून घेतलं आणि पेंटरला चहाबरोबर शेवही दिली. आता कलेक्टर जवळ आला, टँकर मागितला की येईल, असं दुकानाच्या ओट्यावर बसणारे सगळे म्हणत. कलेक्टर जवळ आला खरा, पण पाऊस लांब गेला. दुसऱ्या वर्षी ज्वारी हातभरसुद्धा वाढली नाही. गल्लीत एक आड होता, त्याच्या तळाशी पाणी झिरपायचं आणि आम्ही बायका पोहरा सोडून तासन्‌तास ताटकळायचो. टँकर आठवड्यातून एकदा यायचा, कधी तोही नाही. नव्या जिल्ह्याचा माझा अनुभव एवढाच.

आमच्या शेजारी अक्का राहायची. विधवा, पंचेचाळिशीची, चार शेळ्या आणि दीड खोलीचं घर. लेक नांदेडला दिलेली. नात्यानं ती आमची कुणी नव्हती, पण आमच्यासारखीच लिंगायत, आणि अख्खी गल्ली तिला अक्काच म्हणायची. तिच्या गळ्यात चांदीच्या डबीत लिंग असायचं. तसं ते आमच्याही घरात सगळ्यांच्या गळ्यात होतं, पण आम्ही ते दागिन्यासारखं वागवायचो. अक्का रोज सकाळ-संध्याकाळ डबी उघडून लिंग डाव्या तळहातावर घ्यायची, चमचाभर पाणी घालायची, भस्म लावायची आणि मगच तोंडात घास घालायची. पाणी नाही तर पूजा नाही, पूजा नाही तर जेवण नाही. यात तिनं कधी माघार घेतली नाही. मला ते जरा अतीच वाटायचं. वीस वर्षांची होते, कुणी आपल्यापेक्षा पक्कं असलं की मला ते अतीच वाटायचं.

दुष्काळ हटेना तेव्हा गावानं महादेव कोंडायचं ठरवलं. हे आमच्याकडं जुनं आहे. गावाबाहेरच्या देवळाचा गाभारा खोल, चार पायऱ्या उतरून जायचं. पाणी बाहेर जायची मोरी चिखलशेणानं बुजवायची आणि पिंड पूर्ण बुडेपर्यंत गाभाऱ्यात पाणी भरायचं. देवाच्या नाकातोंडात पाणी गेलं की तो वैतागून पाऊस पाडतो. हसू नका, मीही हसत नव्हते. सासरे देवळाचे पंच होते, त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी सांगितलं, दर घरानं एक घागर द्यायची, आडाचं पाणी त्या सोमवारी फक्त देवाला. आमच्या घरानं मोठेपणानं पाच दिल्या. घरात पिंपाच्या तळाला गढूळ पाणी उरलं.

माझा मुलगा तेव्हा चार महिन्यांचा होता आणि त्याला तीन दिवसांपासून हगवण लागली होती. डोळे खोल गेलेले, रडायचा तरी आवाज निघायचा नाही. मी सासूबाईंना म्हटलं, एक घागर घरात ठेवू या. त्या म्हणाल्या, "मामांना तू सांग." सासऱ्यांना मी मामा म्हणायचे आणि त्यांच्यासमोर मान वर करून एक वाक्य बोलले नव्हते. मी काही सांगितलं नाही.

दुपारी सगळे देवळाकडं गेले. लेकरू आजारी म्हणून मी घरी. मागच्या दारावर थाप पडली. अक्का होती, डोक्यावर भरलेली घागर, तिच्या वाटणीची.

"भांडं दे," ती म्हणाली.

"अक्का, ही देवाची हाय."

"देव काय तान्हेला हाय का? मपला देव तळहातावर मावतो. त्याला चमचाभर लागतं. लेकराला बघ आधी. उकळून पाज, मिठासाखरंचं करून पाज."

मी पातेली पुढं केली, तिनं ओतली. घागर पालथी करून तिनं शेवटचा थेंबसुद्धा निथळू दिला. जाताना म्हणाली, "कुनाला सांगू नको. तुपल्या सासऱ्याच्या इज्जतीचा सवाल व्हतो उगं."

तेव्हा ते तिनं माझ्यासाठी म्हटलं होतं. पुढं मी ते स्वतःसाठी वापरलं.

पोरगं वाचलं. संध्याकाळपर्यंत त्यानं डोळे उघडले, दुसऱ्या दिवशी अंगावर प्यायला लागलं. आणि त्याच दुसऱ्या दिवशी सकाळी देवळात आरडाओरड झाली. पिंड बुडली नव्हती. चार बोटं वर उरली होती, आणि पाणी तर खाली खाली चाललं होतं. आता मला कळतं की मोरी नीट बुजली नव्हती, जुन्या दगडांच्या फटींतून पाणी जात होतं. तेव्हाही कुणाला तरी कळलं असेलच. पण चिखलाला दोष देऊन कुणाचं समाधान होत नाही. सासऱ्यांनी सभामंडपात सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, कुणाची घागर आली नाही?

आडावर अक्काला घागर भरताना सगळ्यांनी बघितलं होतं. देवळाच्या पायऱ्या चढताना कुणीच नाही.

अक्का मधोमध उभी होती. मी खांबाच्या आड, लेकरू खांद्यावर.

"घागर कुठं गेली?" सासऱ्यांनी विचारलं.

"जिथं लागत व्हती तिथं वतली."

"कुठं?"

"ते म्या सांगनार न्हाई. देवाला इचारा, त्याला ठाव हाय."

"देवाला पानी द्यायचं न्हाई म्हन की सरळ!"

"ह्या देवाला न्हाई दिलं. हाव. मपला देव गळ्यात हाय, त्याला मी रोज देते. गावातली लेकरं तान्हेली असताना दगड बुडवायचा हे मला पटत न्हाई. पटत न्हाई म्हनजे न्हाई."

सगळा मंडप गरजला. तिच्या धर्मावर बोलले, तिच्या वैधव्यावर बोलले, तिच्या शेळ्यांवरसुद्धा बोलले. तिनं माझ्याकडं एकदाही बघितलं नाही. बघितलं असतं तर मी बोलले असते, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. पण ते खोटं आहे. बघितलं असतं तर मी मान खाली घातली असती. माझ्या खांद्यावर ती घागर पिऊन तरतरीत झालेलं पोर होतं, त्यानं त्याच वेळी एक जोराचा हुंकार दिला, आणि मी त्याच्या तोंडावर पदर ओढला. एवढंच मी केलं.

ठरलं असं की पाऊस पडेपर्यंत अक्कानं आडावर पाय ठेवायचा नाही, आणि कुणी तिला पाणी द्यायचं नाही. देईल त्याचंही पाणी बंद.

अक्का मग पहाटे ओढ्याकडं जायला लागली. तिथं वाळू उकरून खड्डा केला की वाटी वाटी पाणी जमायचं. ते शेळ्यांना, तेच तिला, त्यातलंच चमचाभर लिंगाला. गल्लीतल्या बायका तिला बघून दार लोटायच्या. तिच्या दारासमोरून जाताना मी मुद्दाम पोराशी बोलत बोलत जायचे, म्हणजे तिच्याशी बोलायला नको. असलं शहाणपण मला बरोबर सुचायचं.

आठ-दहा दिवसांनी ओढ्याचा खड्डाही आटला. त्या दिवशी ऐन दुपारी ती आमच्या मागच्या दारी आली. हातात तांब्या, रिकामा. ओठ फुटलेले.

"पोटाला नको," ती म्हणाली. "लिंगापुरतं दे बाई. कालपासून पूजा न्हाई."

म्हणजे कालपासून जेवणही नाही. हे तिनं सांगितलं नाही, मला ठाऊक होतं. माझ्या मागं पिंप अर्धं भरलेलं होतं, त्या सकाळीच टँकर येऊन गेला होता. पुढच्या घरात सासरे कुणाशी तरी बोलत होते. मला एक तांब्या बुडवून द्यायला किती वेळ लागला असता?

मी म्हटलं, "अक्का, मामा घरात हायेत."

ती तशीच उभी राहिली. मी दार लावलं आणि कडी घातली. कडी घालायची तशी काही गरज नव्हती.

दोन दिवसांनी तिनं शेळ्या कुणाला तरी सोपवल्या आणि उदगीरची एसटी धरली. तिथून नांदेडला लेकीकडं. ती गेली आणि पंधरवड्यात पाऊस झाला. चांगला झाला. गावानं दोन्हींची सांगड घातली आणि विषय संपवला. पाप गेलं, पाऊस आला. आमच्या घरात हे वाक्य जेवताना बोललं जायचं आणि मी भाकरी वाढायचे.

पुढं मी शिकले, मास्तरीण झाले. नवऱ्याची बदली नांदेडला झाली, तिथंच घर बांधलं. सासरे-सासूबाई गेले. मुलगा मोठा झाला, चांगल्या नोकरीला लागला. सगळं रीतसर झालं. आणि निवृत्तीनंतर एके दिवशी मी वही घेऊन बसले आणि सात दिवस कोरड्या नदीतून पळणारी बाई लिहिली. लिहिताना रडायचे. मला वाटायचं, मी प्रायश्चित्त घेतेय. खरं तर मी स्वतःला फुकटात माफ करून घेत होते, आणि वर लेखिका म्हणवून घेत होते.

कादंबरी सासरच्या गावापर्यंत पोहोचली आणि गावानं सत्कार ठेवला. त्याच देवळात. सभामंडपाला आता फरशी आहे, पंखे आहेत. सूत्रसंचालन करणारे गृहस्थ माझ्याच वयाचे, हातात माझंच पुस्तक. ते म्हणाले, आपल्या गावची भक्ती जुनी, दुष्काळात आपण महादेव कोंडला होता, एका घरानं घागर चोरली म्हणून पिंड बुडाली नाही, पण ते घर गेलं आणि पाऊस आला. लोकांनी माना डोलावल्या. त्यांनी माझी कादंबरी वाचलेली होती! शेवटचं प्रकरण वाचून डोळ्यांत पाणी आलं असं त्यांनी दोनदा सांगितलं. माईक माझ्या हातात आला तेव्हा मला वाटलं, आता. मग मी गावच्या संस्कारांबद्दल बोलले. शाल घेतली, नारळ घेतला.

निघताना गल्लीतली एक जुनी बाई जवळ आली. म्हणाली, अक्का अजून हाय बरं का, नांदेडात, लेकीकडं. तिनं वसाहतीचं नाव सांगितलं. माझ्या घरापासून दोन थांबे. वीस वर्षं मी त्या वसाहतीतून भाजी आणत होते.

महिनाभर धीर झाला नाही. मग गेले. हातात पुस्तक घेऊन गेले, हे विशेष. जणू हिशेब चुकता करायची पावतीच.

अक्का खाटेवर बसली होती. खूप लहान झालेली. डोळ्यांना दिसत नव्हतं, पण गळ्यात डबी होती. मी कोण ते सांगितलं. "आवाज वळखला," ती म्हणाली, आणि बस म्हणून खाटेवर हात फिरवला. तिच्या नातसुनेनं चहा आणला. मी पुस्तक लिहिल्याचं सांगितलं. "वाच की मंग," अक्का म्हणाली.

मी शेवटची दोन प्रकरणं वाचली. शिपाई, कुत्री, कोरडी नदी, घागर, म्हातारीची ओंजळ. अक्का कान देऊन ऐकत होती. माझा आवाज दोन ठिकाणी भरून आला, आणि तो भरून आला याचं मला आतून बरंही वाटलं. वाचून संपलं.

"एक पान सुटलं काय गं तुझं?"

"न्हाई अक्का. का?"

"लेकरू कुठं हाय ह्यात?"

माझ्या हातातलं पुस्तक मांडीवर पडलं. सगळ्या वाचकांत हे एकानंही विचारलं नव्हतं. कादंबरीतली म्हातारी देवावर पाणी ओतत नाही, एवढंच आहे. ते पाणी कुठं गेलं ते मी लिहिलंच नाही. लिहिलं असतं तर ते नायिकेच्या घरात गेलं, असं लिहावं लागलं असतं.

"लेकरू न्हाई घातलं," मी म्हटलं.

"पर ते हाय ना? कसाय?"

"हाय. बरा हाय. त्याला दोन पोरी हायेत."

"उकळून पाजलं व्हतंस नव्हं?"

"हाव अक्का."

"मंग झालं."

मला वाटलं, संपलं, सुटले. मी रडायलाच लागले. म्हटलं, अक्का, मी तेव्हा बोलायला पाहिजे होतं, माझं चुकलं. ती म्हणाली, "घागरीचं मला काही न्हाई. म्याच म्हनलं व्हतं सांगू नको. पर तू कडी लावलीस ते लागलं मला. दार लोटलं असतंस तर चाललं असतं."

चाळीस वर्षं तिनं तो कडीचा आवाज सांभाळला होता.

सहा वाजायला आले. संध्याकाळच्या पूजेसाठी तिनं डबी चाचपली. मी घाईनं उठले. "पूजेचं पाणी आणते अक्का, तांब्या कुठं हाय?"

"बस तू," ती म्हणाली. "नातसून भरून ठिवती. रोज ठिवती." खाटेखाली बोट दाखवलं. तांब्या होता, वर फुलपात्र पालथं. मी परत बसले.

पूजा झाल्यावर तिनं विचारलं, "गावात शाल घेतलीस म्हनं. फोनवर कळलं. मपलं नाव निघालं व्हतं का?"

"नाव न्हाई. घागरीचं निघालं व्हतं."

"काय म्हनाले?"

मी सांगितलं, जसंच्या तसं.

"मंग तू काय बोललीस?"

"काही न्हाई."

अक्कानं हात लांब करून माझ्या मांडीवरचं पुस्तक चाचपलं. "ही पोरगी मातर लई बोलती की," ती म्हणाली.

त्या रात्री घरी मुलाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, "कादंबरी लिहायच्या आधी का नाही सांगितलंस?" दुसऱ्या सोमवारी मी एकटीच एसटीनं गावाला गेले. सत्कार नव्हता, माईक नव्हता. देवळात गुरव होता आणि ओट्यावर चार म्हातारे, त्यांत ते सूत्रसंचालनवाले. मी उभ्यानंच सांगितलं. ती घागर चोरीला गेली नव्हती. पंचांच्या घरात आली होती, माझ्या लेकरासाठी, आणि मी इथंच, ह्या खांबाआड गप्प उभी होते. नंतर तिला चमचाभर पाणीसुद्धा दिलं नाही.

मला वाटलं होतं, चिडतील, सासऱ्यांच्या नावाला काळं फासलं म्हणतील. तसं काही झालं नाही. सूत्रसंचालनवाल्यांनी मला बसायला सतरंजी सरकवली. गुरव म्हणाला, आईची माया असते बाई, देव समजून घेतो. एकजण म्हणाला, वयही लहान होतं तुमचं, मनाला लावून घेऊ नका. कुणीतरी चहा सांगितला. पाच मिनिटांत मला सगळ्यांनी माफ करून टाकलं.

अक्का कुठं आहे, कशी आहे, हे कुणी विचारलं नाही. चहा येईपर्यंत मी वाट बघितली. मग कप खाली ठेवला आणि मीच सांगितलं, नांदेडात आहे, जिवंत आहे, आणि तिला पाणी द्यायला आता आपल्यातलं कुणी लागत नाही.